पाण्याच्या वाटेवरची बाग

नवी मुंबईत डोंगर आणि खाडी एकमेकांपासून फार लांब नाहीत. पूर्वेला पारसिकची रांग, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधल्या चार-पाच किलोमीटरच्या पट्टीत एमआयडीसी, ठाणे-बेलापूर रस्ता, रेल्वे आणि मग ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ असे एकामागून एक नोड, म्हणजे शहराचे वसवलेले विभाग. डोंगरावर पडलेल्या पावसाला खाडी गाठायची तर हे सगळं ओलांडूनच जावं लागतं.

शहर नव्हतं तेव्हाही तो असाच जायचा, पण रमतगमत. थोडा डोंगराच्या मातीत मुरायचा, थोडा भातखाचरांत बांधाबांधावर अडायचा, गावाच्या तळ्यात साठायचा, खाजणात पसरायचा आणि मग कुठे खाडीला मिळायचा. जमिनीत मुरलेलं पाणी तर दिवाळीनंतरही ओढ्यांतून झिरपत राहायचं. आज तेच पाणी पायथ्याच्या सिमेंटच्या नाल्यात शिरलं की तासाभरात खाडीच्या तोंडाशी पोचू शकतं. सोबत वाटेतल्या गच्च्यांचं, रस्त्यांचं, पार्किंगचं पाणी, सगळं एकदम. नाले तुंबतात त्याचं मूळ बहुतेकदा या ‘एकदम’मध्येच असतं.

रस्ता, नाला, रेल्वे किंवा खाडीकिनारा यांच्या कडेने लांबच लांब जाणारी, रुंदीला दहा-वीस मीटर असलेली बाग आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. बोलताना आपण तिला ग्रीन बेल्ट म्हणतो, सरकारी कागदावर ती हरित पट्टा होते. सकाळी चालायला आणि संध्याकाळी बाकावर बसायला ती छान असतेच. पण नीट बांधली तर हीच बाग शहराच्या पाण्याचं बिघडलेलं चक्र बरंचसं सुधारू शकते. कसं, ते पाहू.

पाऊस जमिनीवर पडला की त्याला तीन वाटा असतात. वाफ होऊन वर जायचं, मातीत मुरून खाली जायचं किंवा उतार धरून वाहत सुटायचं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या पुस्तिकांमध्ये याचे ढोबळ आकडे नेहमी दिलेले असतात. मोकळ्या, झाडझाडोऱ्याच्या जमिनीवर पडलेल्या १०० लिटरपैकी साधारण ४० लिटर वाफ होऊन जातं, ५० मुरतं आणि जेमतेम १० वाहून जातं. दाट वस्तीच्या, सिमेंट-डांबराने झाकलेल्या जमिनीवर वाफ होते ३०, मुरतं १५ आणि वाहतं ५५. आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस, अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, चार महिन्यांत कोसळतो. जुलैत जमीन आधीच तुडुंब असते, हवा दमट असते. त्यामुळे हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण दिशा तीच राहते. जमीन झाकली की वर आणि खाली जाणाऱ्या वाटा अरुंद होतात आणि सगळा भार आडव्या वाटेवर येतो.

हा भार किती, ते काढायला एकच गोष्ट लक्षात ठेवायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा मीटर रुंद आणि ५०० मीटर लांब असा नोडमधला एखादा अंतर्गत रस्ता घ्या. जुलैत एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि तो आपल्याकडे नवलाईचा नाही, तर त्या एका रस्त्यावर पाच लाख लिटर पाणी पडलं. म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. मे महिन्यात ज्या सोसायट्या एकेका टँकरसाठी फोन लावत बसतात, त्यांच्याच दारातून हे पन्नास टँकर वाहून जातात.

आता बाग लांबटच का हवी? तेवढीच जागा घेऊन एक मोठं चौकोनी उद्यान केलं तर काय बिघडलं? उद्यान हवंच, पण पाण्याच्या हिशेबात फरक पडतो. एक हेक्टर जागा शंभर बाय शंभर अशी चौकोनी घेतली तर तिला काठ मिळतो ४०० मीटर. तीच जागा दहा मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब पसरली तर काठ होतो २०२० मीटर, म्हणजे पाचपट. बाहेरचं पाणी बागेत शिरतं ते काठावरून. चौकोनी उद्यानाच्या मधोमध असलेल्या मातीला शेजारच्या रस्त्याचं पाणी कधी दिसतही नाही, तिच्या वाट्याला स्वतःच्या डोक्यावर पडलेला पाऊस तेवढा येतो. लांबट पट्ट्यात मात्र मातीचा प्रत्येक वाफा कुठल्या ना कुठल्या रस्त्यापासून चार पावलांवर असतो.

दुसरं असं की पाणी रेषेत वाहतं. उताराने, नाल्याने, रस्त्याच्या कडेने. त्याच्या वाटेवर एका ठिकाणी मोठी बाग असली तर ते तिला वळसा घालून पुढे जातं. बागच त्याच्या वाटेने सोबत चालत असली तर त्याला दर थोड्या अंतरावर थांबता येतं, मुरता येतं, उरलेलं पुढे सरकतं. भातखाचरांच्या बांधांनी हेच काम केलं.

पण यात एक मेख आहे, आणि मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते याबद्दल. बाग रस्त्यापेक्षा खाली असायला हवी.

आमच्या भागात रस्त्याच्या कडेने असा एक पट्टा आहे. करंज, जांभूळ, मध्ये चालायची वाट, दोन-चार झोपाळे. गेल्या जुलैत एका सकाळी पाऊस धो धो पडत असताना मी छत्री घेऊन तिथे अर्धा तास उभा होतो. रस्त्यावरचं पाणी कडेच्या दगडाला घासत वाहत होतं. काळपट, वर साबणासारखा फेस, त्यात पानं, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कागदी कप. त्या दगडापलीकडे वीतभर अंतरावर माती होती, पण ती दगडापेक्षा फूटभर उंच भरलेली. पाणी सगळ्या पट्ट्याच्या कडेकडेने तसंच पुढे गेलं आणि टोकाच्या लोखंडी जाळीतून गटारात पडलं. मातीला त्यातला एक थेंब मिळाला नाही. उलट बागेतलं पाणीच दगडांच्या फटींतून रस्त्यावर येत होतं, लालसर, सोबत वाफ्यातली माती घेऊन. उन्हाळ्यात खतमाती टाकून तयार केलेले वाफे जुलैत असे गटारात जातात आणि पुढे तीच माती नाल्यात गाळ होऊन बसते.

त्याच पट्ट्यात एका ठिकाणी मात्र कडेचा दगड फुटलेला होता. बहुधा एखाद्या टेम्पोचं चाक चढलं असेल. तिथे मातीही खचून खाली बसली होती. त्या हातभर फटीतून रस्त्याचं पाणी आत वळत होतं आणि करंजाच्या बुंध्याशी पसरत होतं. पहिल्या दोन पावलांतच कप आणि पुड्या गवतात अडकून राहिल्या, फेस विरला आणि पुढे पाणी संथ होत होत मातीत नाहीसं होत गेलं. वरून तेवढाच पाऊस, तीच माती, तेच झाड. फरक एका दगडाचा होता.

म्हणून अशी बाग पसरट परातीसारखी हवी. कडा रस्त्याच्या बरोबरीने, मधला भाग वीतभर ते फूटभर खोल, आणि कडेच्या दगडांत ठरावीक अंतरावर सोडलेली तोंडं. मघाच्या रस्त्याच्या शेजारी दहा मीटर रुंदीचा पट्टा आहे असं धरा. त्यातली निम्मी रुंदी, पाच मीटर, फक्त ३० सेंटिमीटर खोल केली तर ५०० मीटर लांबीत साडेसात लाख लिटर पाणी मावतं. रस्त्याचं पाच लाख आणि पट्ट्यावर पडलेलं पाच लाख मिळून होतात दहा लाख. दिवसभराच्या पावसातला मोठा वाटा असा जागच्या जागी थांबला, काही मुरला, आणि उरलेला सावकाश गटारात गेला, तर खालच्या चौकात गुडघाभर पाणी साचणं पुष्कळ टळू शकतं. परात भरली की जास्तीचं पाणी जायला एक उंचावरची जाळी ठेवावी लागते, म्हणजे बाग फुटून वाहत नाही.

माती पाणी किती पिते हे घरबसल्या तपासता येतं. रंगाचा किंवा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, दोन्ही बाजूंची झाकणं कापून टाकायची, तो चार बोटं जमिनीत ठोकायचा आणि आत तांब्याभर पाणी ओतायचं. जिरायला किती वेळ लागतो ते बघायचं. मी हा प्रयोग त्याच पट्ट्यात मार्चमध्ये केला. झाडाखाली, जिथे पाचोळा कुजून माती भुसभुशीत झाली होती, तिथे पाणी बघता बघता गेलं. दहा पावलांवर, लोक रोज चालून चालून घट्ट झालेल्या वाटेवर, मी समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो तरी डब्यात पाणी होतंच. दोन्हीकडे मातीच, पण एकीत गांडुळांनी आणि मुळांनी पोखरलेल्या वाटा आहेत आणि दुसरीत त्या दाबून बंद झाल्या आहेत. म्हणजे नुसतं ‘माती ठेवली’ एवढ्यावर भागत नाही. पाचोळा जाळायचा नाही, गोळा करून टाकायचा नाही, आणि चालायची वाट एकच ठरवून बाकीची माती पायांपासून वाचवायची. पेव्हर ब्लॉक लावायचेच असतील तर चालवाटेपुरते. झाडाच्या बुंध्याला घट्ट आवळून सिमेंट घालणं तर थांबायलाच हवं.

मुरण्याची ही गोष्ट सगळीकडे सारखी नसते. पारसिकच्या पायथ्याशी जमिनीखाली मुरूम आणि भेगा पडलेला काळा खडक आहे, तिथे मुरलेलं पाणी खरोखर भूजलात भर घालतं. जुन्या गावठाणांतल्या विहिरींना अशाच मुरलेल्या पाण्याचा आधार असे. खाडीकडच्या बाजूला जमिनीखाली खाडीचा चिकट गाळ, वर भराव, आणि थोडं खणलं की खारट पाणी. तिथे पाणी मुरवण्याची फार आशा धरू नये. तिथे बागेचं मुख्य काम पाणी थोपवून धरण्याचं आणि गाळून घेण्याचं. एकाच शहरात वरच्या सेक्टरची बाग आणि खालच्या सेक्टरची बाग वेगळ्या विचाराने बांधावी लागते. एकच नकाशा सगळीकडे छापून चालत नाही.

थोपवून धरणं इथे इतकं महत्त्वाचं का, हे कळायला भरतीचं गणित बघावं लागतं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांकडे त्याचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री अकरा-बाराच्या आसपास, आणि ती उधाणाची भरती, सगळ्यात मोठी. नेमक्या त्या वेळी पाऊस कोसळला तर नाल्यातलं पाणी खाडीत जाऊच शकत नाही. खाडीच उंच झालेली असते.

नवी मुंबई वसवताना हा प्रश्न समोर होताच. सिडकोची स्थापना १९७० सालची. खाडीकाठची बरीचशी जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. ती सगळी भराव घालून उंच करणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले गेले. भरतीच्या वेळी खाडीकडची झडपदारं पाण्याच्या दाबानेच बंद होतात, शहराचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की दारं उघडून पाणी बाहेर जातं. पद्धत हॉलंडची म्हणतात, पण आमच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी खाजणाच्या बांधाला बसवलेल्या उघाडीचं तत्त्व वेगळं नव्हतं. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं.

आता या धारण तलावांमध्ये गाळ साचतो. काही ठिकाणी त्यात खारफुटीही वाढली आहे आणि ती कायद्याने संरक्षित असल्याने गाळ काढायला न्यायालयाची परवानगी लागते. तलावाची कुवत कमी झाली की वरून येणारं पाणी उशिरा आणि थोडं थोडं येणं आणखी गरजेचं होतं. भरती आणि जोराचा पाऊस यांची गाठ साधारण दोन-तीन तास पडते. डोंगरापासून खाडीपर्यंतच्या प्रत्येक नाल्याकाठच्या पट्ट्याने आपल्या वाट्याचं पाणी तेवढे दोन-तीन तास जरी धरून ठेवलं तरी खालच्या तलावावरचा ताण हलका होतो. गवत आणि झुडपांतून जाणारं पाणी गुळगुळीत सिमेंटवरच्या पाण्यापेक्षा कितीतरी सावकाश जातं, त्यामुळे थोडा उशीर तर आपोआपच होतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या पावसापुढे कुठलीही बाग पुरी पडत नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. पण दर पावसाळ्यात आठ-दहा वेळा येणारा ६०, ८०, १०० मिलिमीटरचा पाऊस अशा बागांच्या आवाक्यातला आहे, आणि आपले हाल बहुतेक वेळा त्याच पावसात होतात.

पाण्याच्या मळाचीही एक गोष्ट आहे. जूनच्या पहिल्या पावसाचं पाणी सगळ्यात घाण असतं. आठ महिन्यांची टायरची भुकटी, सांडलेलं ऑइल, ब्रेकची धूळ, बांधकामाचं सिमेंट, सगळं धुऊन येतं आणि गटारातून थेट खाडीत पडतं. ही खाडी साधी नाही. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगो जे शेवाळ आणि बारीक किडे खातात ते खाडीच्या चिखलात वाढतात, आणि आपल्या रस्त्यावरचं ऑइल त्याच चिखलात जाऊन बसतं. हे पाणी आधी गवताळ मातीतून गेलं तर गाळ आणि त्याला चिकटलेली बरीचशी घाण वरच्या थरात अडकते, आणि ऑइलचा काही भाग मातीतले जिवाणू कुजवून टाकतात. त्या फुटक्या दगडापाशी दोन पावलांत फेस विरला, तो याच कामाचा आरंभ होता.

पावसाळा संपला की बागेचं दुसरं काम सुरू होतं. मातीत साठलेलं पाणी झाडं मुळांनी ओढतात आणि पानांवाटे हवेत सोडतात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते आणि ती आसपासच्या हवेतून घेतली जाते. माठातलं पाणी याच कारणाने गार राहतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात अशा पट्ट्याखालून चालताना जो गारवा लागतो, त्यात सावलीइतकाच जुलैत मुरलेल्या पाण्याचाही वाटा असतो. जुलैचं पाणी गटारात घालवलं तर ऑक्टोबरात झाडांना टँकरचं पाणी घालावं लागतं.

जगात याची उदाहरणं बरीच आहेत. मला सगळ्यात पटतं ते सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानाचं. कालांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळसोट सिमेंटचा कालवा फोडून त्यांनी ३.२ किलोमीटरची वळणं घेणारी, गवताच्या काठांची नदी केली. २०१२ मध्ये ते काम पुरं झालं. एरवी मुलं त्या काठावर खेळतात आणि पाऊस वाढला की तोच काठ पाण्याला पसरायला मोकळा होतो, त्याआधी भोंगा वाजवून लोकांना बाहेर काढतात. सोलचा चॉन्गेचॉन हा २००५ मध्ये उड्डाणपूल पाडून मोकळा केलेला ओढा याहून जास्त गाजला, तिथे गारवाही आला, पण त्यातलं बरंचसं पाणी पंपाने आणून सोडलेलं आहे. आपण नक्कल करायची तर सिंगापूरची करावी.

जागा कुठून आणायची, हा प्रश्न नवी मुंबईत इतर शहरांइतका अवघड नाही. नाल्यांचे काठ आहेत, रेल्वेच्या कडा आहेत, धारण तलावांचे बांध आहेत. उच्चदाबाच्या विजेच्या तारांखालचे मोकळे पट्टे आहेत, तिथे इमारत बांधता येत नाही आणि उंच झाडही लावता येत नाही. पण उथळ परात, गवत आणि झुडपं यांना तेवढीच जागा पुरते. तिथे वाळा लावावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जाऊ शकतात, माती धरून ठेवतात आणि पाण्याला खाली जायला वाट करतात. हिरवळीची मुळं वीतभरच, आणि तिला उन्हाळाभर पाणी लागतं. झाडांत जांभूळ, अर्जुन, करंज, कदंब यांना पावसाळ्यात पाय ओले राहिलेले चालतात.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो डासांचा, आणि तो रास्त आहे. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा लागतो. म्हणून परातीतलं पाणी एक-दोन दिवसांत मुरायला किंवा निघून जायला हवं. तिसऱ्या दिवशी पाणी दिसलं तर समजायचं की माती दाबली गेली आहे किंवा जाळी तुंबली आहे, आणि तेवढी जागा कुदळीने मोकळी करायची. मे महिन्यात नालेसफाईबरोबर पट्ट्यातला गाळ काढणं आणि कडेची तोंडं साफ करणं एवढं काम दरवर्षी लागतंच. ते कोण करणार हे बाग बांधण्याआधी ठरवावं.

आमच्या पट्ट्यातला तो फुटका दगड ऑक्टोबरमध्ये बदलला. नवा दगड, वर पिवळा-काळा रंग. मी शेजारच्या तीन सोसायट्यांच्या सह्या घेऊन अर्ज दिला आहे की तो दगड काढावा, आणि पट्ट्याच्या उताराकडच्या बाजूला दर दहा मीटरवर त्याच्यासारखा आणखी एकेक. सोबत जुलैत मोबाइलवर काढलेले दोन फोटो जोडले आहेत, एक अख्ख्या दगडापाशी वाहणाऱ्या पाण्याचा आणि एक करंजाच्या बुंध्याशी थांबलेल्या पाण्याचा.